'मग?' म्हणणारा मुलगा

"तुमचा निबंध माझ्या छत्रीत पडला आणि तिथेच वारला."

हे त्याचं माझ्याशी बोललेलं जवळजवळ पहिलंच वाक्य. आता यावर कोण प्रेमात पडेल? पण ऐका तर खरं.

झालं असं, की मी कॉलेजच्या जिन्यात अगदी वरच्या खिडकीपाशी उभी होते. बाहेर भुरभुर पाऊस चालला होता. हातात लेखनाच्या तासाला परत मिळालेला निबंध होता. त्यावर लाल शाईच्या इतक्या खुणा, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, कागदाला गोवर आलाय. मी त्याचा बोळा केला आणि दिला खिडकीबाहेर भिरकावून.

आमचं कॉलेज म्हणजे काय उंच! वरून कुणाला हाक मारली, तर ती खाली पोचेपर्यंत तो पास होऊन नोकरीला लागलेला असायचा. बोळा असा हेलकावे खात, इकडे तिकडे बघत, रमतगमत खाली गेला. खाली एक मुलगा छत्री उलटी धरून पाणी झटकत होता. बोळा बरोबर तिच्यात.

त्याने वर बघितलं. मी पटकन डोकं आत घेतलं. पण वेणी बाहेरच राहिली.

जरा वेळाने तो धापा टाकत माझ्यासमोर उभा! केस ओले, एक बाही ओली, हातात माझा बोळा.

"हा तुमचाच ना?"

"कशावरून?"

"वेणी ओळखली." आणि मग ते वारल्याचं वाक्य. "पण मरताना बिचारा एवढं बोलला… 'सदर घर हे चार भिंती व एक छप्पर यांनी युक्त असून त्यात राहणाऱ्या व्यक्ती कुटुंब या संज्ञेस पात्र आहेत.' हे घर आहे की जप्तीची नोटीस?"

"दुसऱ्याचं वाचायला लाज नाही वाटली?"

"वाटली ना! म्हणून तर एकच वाक्य वाचलं. पुढचं वाचायचा धीर नाही झाला."

झालं! माझी तोफ सुटली. त्याच्या छत्रीवरून सुरू केलं, चपलांवरून गेले, त्याच्या चढेल नाकावर बराच वेळ मुक्काम केला. जिना चढणारी पोरं थांबली. गणिताचे सर थांबले. खोटं नाही सांगत, भिंतीवरची पाल निघाली होती खाली, ती माघारी वळली. आणि हा? हा तोंड उघडं टाकून ऐकत होता, जसं काही मी त्याचा सत्कार करत होते.

"अहो, हे लिहा ना!" तो म्हणाला.

"हे?"

"मला 'छत्रीत बसलेला बेडूक' म्हणालात ते! केवढं झकास आहे! ते सोडून 'सदर घर' कशाला लिहिता?"

दुखरी नस होती हो माझी ती. बोलायला मी कुणाला हार जायची नाही, पण हातात पेन आलं की मनाची दातखीळ बसायची. आपलं साधं बोलणं काय कागदावर घालायचं, कागदाला शोभेलसं काहीतरी पाहिजे, असं वाटायचं. मग 'सदर' यायचं, त्याच्या मागून 'उपरोक्त' यायचं, आणि शेवटी 'इत्यादी' येऊन दार लावून घ्यायचं.

लेखनाच्या पेपरात मी एकदा गचकले होते. घरी आत्याने बजावलं होतं, "यंदा पास झाली नाहीस तर कॉलेज बंद. दुकानात बसायचं." आमचं चष्म्याचं दुकान. बाबा आतल्या खोलीत काचा घासायचे आणि बाहेर काउंटरवर आत्याचं राज्य. आत्याने नुसती धमकी नाही दिली. सुताराला बोलावून माझ्या मापाचं स्टूल करून घेतलं, आणि ते दुकानात असं ठेवलं की जाता येता माझ्या पायात यावं. मला व्हायचं होतं वकील. भांडायची हौस घरातल्या घरात भागत नव्हती माझी.

आणि वकिलाला लिहावं लागतं. 'सदर'च्या पुढचंही.

* * *

आमच्या कॉलेजात एक मॅडम होत्या. आवाज एवढासा, पण प्राचार्यांनासुद्धा त्यांचं ऐकायला वाकावं लागायचं. त्यांनी खेळाच्या सामानाची जुनी खोली मागून घेतली होती. फाटक्या जाळ्या, हवा गेलेले चेंडू, आणि त्यांच्या मधोमध आमच्यासारखी हवा गेलेली पोरं. ज्यांना लिहायची भीती वाटते त्यांनी दुपारी तिथे यायचं.

नियम एकच. दोघांनी समोरासमोर बसायचं. एकाने आपण लिहिलेलं मोठ्याने वाचायचं. दुसऱ्याने ऐकायचं आणि फक्त एक शब्द बोलायचा. 'मग?' बस्स. छान नाही, वाईट नाही, इथे चुकलं नाही, तिथे बदल नाही.

"का हो मॅडम?" मी विचारलं.

"छान म्हटलं की लिहिणारा झोपतो," मॅडम म्हणाल्या, "चुकलं म्हटलं की पळतो. मग म्हटलं की चालायला लागतो."

मी जोडीदार कोण मिळतोय म्हणून वळून बघितलं, तर हवा गेलेल्या चेंडूंच्या ढिगाशेजारी तोच! ओली छत्री टेकवून, दात काढून बसलेला.

"तुझा निबंध याच्याच छत्रीत पडला ना?" मॅडम म्हणाल्या. "म्हणजे ऐकायला याने सुरुवात केलेलीच आहे. बस त्याच्यासमोर."

आता गंमत बघा. हा मुलगा म्हणजे चौकातलं कारंजं. एकदा सुरू झाला की नळ कुठे आहे तेच कुणाला सापडायचं नाही. मी त्याचं नावच कारंजं ठेवलं होतं. आणि या कारंज्याने फक्त 'मग?' म्हणायचं! पहिल्या दिवशी मी 'सदर घर' वाचायला लागले, तर त्याचे गाल फुगले, कान लाल झाले, डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता हा फुटतो.

"मग?" तो कसाबसा म्हणाला.

"मग काही नाही. संपला निबंध."

"मग?"

"अरे संपला म्हणते ना!"

"मग?"

"मग काय डोंबल! घर आहे, त्यात सगळ्यांना चष्मा आहे. बाबा सकाळी उठून आधी चष्मा शोधतात, आणि चष्मा शोधायला त्यांना चष्मा लागतो, म्हणून आत्याचा घालतात, म्हणून आत्याला दिसत नाही, म्हणून ती दुधात मीठ घालते, म्हणून आमच्याकडे सकाळी कुणी कुणाशी बोलत नाही!"

"मग?" या वेळी आवाज वेगळाच होता. पुढे सरकून बसल्यासारखा.

अर्धा तास बोलले मी. श्वास घेतला की नाही आठवत नाही.

"हे लिहून आण," मॅडम जाता जाता म्हणाल्या.

आणि बाहेर जिन्यावर पाऊल ठेवताच कारंजं फुटलं! "दुधात मीठ? खरंच? अगं, आणि तू ते 'इत्यादी'मध्ये कोंबलं होतंस? तुला अटक करायला पाहिजे! मला आत बसून केवढं बोलायचं होतं, माझ्या पोटात दुखायला लागलं, खरंच सांगतो, ते दुधाचं ऐकून तर…"

"अहो-जाहो कुठे गेलं?"

"पहिल्या 'मग'बरोबर गेलं. परत आणू?"

"नको," मी म्हणाले. "ओझं होईल तुला, सरकार."

"सरकार तर तू. नोटिसा तू काढतेस."

तेव्हापासून मी सरकार झाले.

* * *

त्याचं लिखाण माझ्यापेक्षा भारी होतं, असं समजू नका. तो एवढा बोलघेवडा, पण कागदावर आला की हात जोडूनच यायचा. 'मी एक सामान्य विद्यार्थी आहे. माझे ज्ञान तोकडे आहे. माझ्याकडून चुका होतील. सुज्ञांनी पदरात घ्याव्यात. मला ठाऊक आहे की या विषयावर लिहिण्याची माझी पात्रता नाही…'

"मग?" मी म्हणायचे.

"मग पान संपलं."

"आणि विषय?"

"तो यायचा होता. पण माफी आधी मागायला नको का?"

"नियम मोडला आपण. मी दोन शब्द बोलले आणि तू उत्तर दिलंस."

"मग घे ना पदरात."

पदरात! मेला असा हसत म्हणाला, की मला ओढणी कुठे आहे तेच सुचेना.

हळूहळू त्याची माफी आखडत गेली. पानावरून अर्ध्या पानावर आली, मग दोन ओळींवर. माझं 'सदर' आठवड्यातून एखाद्या दिवशीच भेटायला यायला लागलं. आणि मला त्याचे 'मग' ओळखता यायला लागले. एक असायचा जांभई गिळलेला. एक असायचा हसू दाबलेला. एक होता अगदी हळू, विचारावं की नको अशा आवाजातला. तो आला की मी मुद्दाम खाली बघून पान उलटायचे, उलटायला पान नसलं तरी.

एके दिवशी मी बाबांबद्दल वाचलं. म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला नवा चष्मा लावला, की बाबा त्याला आरसा दाखवत नाहीत. आधी दाराशी नेतात आणि म्हणतात, ते समोरचं झाड बघा. त्याला पानं दिसली की मगच पुढचं. एवढंच होतं. 'सदर' नाही, 'इत्यादी' नाही.

वाचून झालं. मी थांबले. तो काहीच बोलेना. नुसता बघत राहिला माझ्याकडे.

"'मग?' म्हण ना. नियम आहे."

"विसरलो."

"काय विसरलास?"

"शब्द."

अहो, खोलीत एवढी शांतता, की कोपऱ्यातल्या चेंडूतून उरलीसुरली हवा जाताना ऐकू येत होती. फुस्स…

माझं मन सुखावलं, पण घोटाळाही तिथेच झाला. खोलीत तो समोर असला की मला लिहिता यायचं. घरी बसले की पुन्हा दातखीळ. शेवटी आत्याला म्हटलं, "मी वाचते, तू फक्त 'मग?' म्हण."

"मग?" आत्या म्हणाली. "मग भांडी कोण घासणार?"

जिन्यावर मी त्याला रडकुंडीला येऊन सांगितलं, "परीक्षेत तू नसणार. मी एकटी काय करू?"

"मी असेन की. माझाही तोच पेपर आहे."

"पण बोलणार नाहीस."

"मी? बोलणार नाही?" त्याने छातीवर हात ठेवला. "सरकार, तोंडाला कुलूप लावून बसेन."

कारंज्याला कुलूप! मी तरी विश्वास कसा ठेवला देव जाणे.

* * *

परीक्षेच्या दिवशी त्याचा बाक माझ्या शेजारच्या रांगेत, जरा मागे आला. लहान प्रश्न मी भराभर संपवले. निबंध आला. 'एक संस्मरणीय प्रवास.' मी एक ओळ लिहिली. दुसरी लिहिली. तिसऱ्या ओळीच्या दाराशी 'सदर' उभं! माझं पेन थांबलं. डोळ्यांसमोर आत्याचं स्टूल नाचायला लागलं. मी मान वळवली. तो माझ्या पेनाकडेच बघत होता.

दालनात चिडीचूप होतं. पंखासुद्धा पाय न वाजवता फिरत होता. आणि त्या शांततेत, खणखणीत, मोकळ्या गळ्याने…

"मग?"

पेनं थबकली. खिडकीतली कबुतरं उडाली. त्याने स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी दाबलं, पण बाण सुटला होता.

आमचे पर्यवेक्षक म्हणजे नुसती मान. चार बाकांपलीकडचं वाचता येईल एवढी लांब. ती मान आमच्यावर येऊन थांबली.

"कोण म्हणालं 'मग'?"

"मी, सर."

"कितव्या प्रश्नाचं उत्तर 'मग' आहे?"

"कुठल्याच नाही, सर. मग म्हणजे… नुसतं मग."

"नुसतं मग कुणी म्हणतं का? आणि हिच्याचकडे बघून?"

यावर दालनात जी खसखस पिकली, ती माझ्या कानाच्या पाळीपर्यंत पोचली. दोघांचे पेपर काढून घेतले आणि वरात निघाली प्राचार्यांच्या खोलीकडे.

तिथे मॅडमना बोलावलं. दुकानात फोन गेला, आत्याही गळ्यात चष्म्याची मोजपट्टी अडकवून आली. पर्यवेक्षक पटवून देत होते, की ही कॉपीची नवी पद्धत आहे, एक खूण ठरलेली असते, तिच्यावरून अख्खा निबंध पोचतो.

"एका शब्दात अख्खा निबंध?" मॅडम हळूच म्हणाल्या. "असं येत असतं तर मी शिकवायची कशाला राहिले असते?"

त्यांनी खोलीचा नियम समजावून सांगितला. प्राचार्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. माझ्याकडे बघितलं, डोळे बारीक करून बघितलं.

"नंबर वाढलाय तुमचा," आत्या म्हणाली. "पोरगी रडवेली झालीये, ते दिसत नाहीये तुम्हाला. दुकानात या."

प्राचार्य खाकरले. मग त्यांनी माझ्यासमोर एक कोरा कागद सरकवला. "तू इथे बस. माझ्यासमोर. तो बाहेर बाकावर बसेल. 'तो मग का म्हणाला', यावर लिही. मला खरं वाटलं तर पेपर परत मिळतील. नाही वाटलं, तर दोघांचंही वर्ष गेलं."

दोघांचंही! माझं एकटीचं असतं तर गोष्ट वेगळी होती.

त्याला बाहेर नेलं. दार ओढून घेतलं. समोर प्राचार्य, बाजूला ती मान, मागे आत्याचा श्वास. मी लिहिलं, 'सदर विद्यार्थ्याने…'

आणि थांबले. आता कुणी काही म्हणणार नव्हतं. मी दाराकडे बघितलं. त्या दारापलीकडे बसला होता बिचारा, आयुष्यात पहिल्यांदा गप्प. आणि मी त्याला 'सदर विद्यार्थी' करून टाकत होते! मला माझाच राग आला. मी ते खोडलं. असं खोडलं, की कागद फाटता फाटता राहिला. आणि लिहिलं, 'तो मग म्हणाला, कारण माझं पेन थांबलं होतं.'

साधं वाक्य. मी त्या वाक्याकडे बघितलं. ते पडलं नाही. उभं राहिलं आपल्या पायांवर. आणि उभं राहिल्या राहिल्या पुढचं वाक्य मागायला लागलं. तेही दिलं. तेही मागायला लागलं. नंतर मी कुणाकडे बघितलंच नाही. कागद संपल्यावर हात टेबलावर लिहायला लागला, तेव्हा प्राचार्यांनी तो कागद ओढून घेतला.

त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

'तो मग म्हणाला, कारण माझं पेन थांबलं होतं. ते थांबलं की त्याला राहवत नाही. दुसऱ्या कुणाचं पेन थांबलं तर तो खिडकीबाहेर बघतो, हे मी पाहिलंय. तो दिवसभर बडबडतो, पण माझं वाचन चालू असताना गप्प बसतो आणि त्याचे कान लाल होतात. माझ्या घरच्या दुधात मीठ पडतं, यात ऐकण्यासारखं काही आहे असं मला त्याच्याआधी कुणी दाखवलं नव्हतं. आज त्याने कॉपी दिली असती तर बरं झालं असतं, निदान निबंध तरी पुरा झाला असता. त्याने दिला एक शब्द, आणि त्यासाठी वर्ष घालवायला निघाला. असा वेडा मी दुसरा बघितला नाही. हे सगळं मला आत्ता लिहितानाच कळतंय, आणि हेही कळतंय, की मला तो…'

प्राचार्यांनी कागद उलटला. ती बाजूही भरलेली, पण ती तर त्यांनी आधीच वाचली होती. त्यांनी पुन्हा उलटला. काही नाही.

खोलीत सगळे वाकले होते.

"मग?" पर्यवेक्षक म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. ती एवढी लांब मान खालपासून वरपर्यंत लाल होत गेली. लाली वर पोचायला बराच वेळ लागला.

"मग काय मग!" आत्या म्हणाली. "दार नीट लागलेलं नाही. तो मुलगा सगळं ऐकतोय तिकडे."

खरंच की! दाराच्या फटीत तो उभा होता. दोन्ही कान लाल, तोंड उघडं, आणि त्यातून एक शब्द बाहेर येत नव्हता.

पेपर परत मिळाले. वेगवेगळ्या खोल्यांत बसवून आम्हाला गेलेला वेळही भरून दिला. मी प्रवासाचा निबंध लिहिला, माझ्या वाक्यांत, माझ्या पायांनी. निकाल नंतर लागला तो चांगलाच लागला. आत्याने स्टुलावर मांजराला बसवलं, आणि सांगते तुम्हाला, ते मांजर माझ्यापेक्षा जास्त चष्मे विकायचं.

पण त्या दिवशीचं राहिलंच. पेपर देऊन बाहेर आले, तर तो जिन्यात उभा. पाऊस थांबला होता. मी वाट बघितली, आता कारंजं फुटेल. काही नाही. त्याने छत्री उघडली, मिटली. पुन्हा उघडली.

"अरे बोल ना काहीतरी."

त्याने मान हलवली. "नाही जमत."

"तुला? बोलायला?"

"लिहून देऊ?"

माझ्या उत्तराची वाट न बघता तो परत वळला, परीक्षेच्या दालनात शिरला. आत पर्यवेक्षक उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधत होते.

"सर, एक पुरवणी मिळेल?"

"पेपर संपला बाबा."

"माझा आत्ता सुरू झालाय."

पर्यवेक्षकांनी त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या खांद्यावरून, दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे. त्यांनी कोऱ्या पुरवण्यांच्या गठ्ठ्याची गाठ सोडली.

"एक ना?"

"दोन द्या, सर," मी म्हणाले. "माझं वाक्य अर्धं राहिलंय."